‘याला जरा समजवा’: वयात आलेल्या मुलासाठी फॅमिली थेरपीला जाताना

फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. “मुलाला तुमच्याकडे पाठवतो, त्याला जरा समजवा. आमचं ऐकत नाही.” पलीकडून उत्तर येतं, “त्याला एकट्याला पाठवू नका, सगळेच या.” मग क्षणभर कुणीच बोलत नाही. आम्ही कशाला? उलट बोलतो तो, शाळा बुडवतो तो, पाकिटातले पैसे त्याने काढले, दार त्याने लाथेने उघडलं. आणि खुर्चीत बसायचं आम्ही?

हा लेख त्या क्षणी अडखळलेल्या आईवडिलांसाठी आहे. सोयीसाठी ‘मुलगा’ म्हटलंय, मुलीच्या बाबतीतही सगळं हेच.

सगळ्यांना का बोलावतात

एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. आई म्हणते, “मोबाइल ठेव, अभ्यासाला बस.” मुलगा “हो” म्हणतो आणि जागचा हलत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, आवाज जरा वर. “किती कटकट करतेस!” तिसऱ्या वेळी आई सगळा पाढा वाचते: मागच्या परीक्षेचे मार्क, ते मित्र, ती उठायची वेळ. मुलगा ओरडतो, हातातलं भिरकावतो, खोलीचं दार आपटतो. आई म्हणते, “जाऊ दे, कोण डोकं लावणार.” घर शांत होतं.

यात कुणाला काय मिळालं? मुलाला कळलं की ओरडलं की मागणी बंद होते. आईला कळलं की आपण गप्प बसलो की ओरडणं बंद होतं. दोघांचीही त्या घटकेपुरती सुटका झाली, आणि या सुटकेमुळेच उद्याचं भांडण पक्कं झालं. उद्या मुलगा दुसऱ्याच वाक्याला ओरडेल. आई एक तर आणखी लवकर माघार घेईल, नाहीतर त्याच्याहून वरच्या पट्टीत जाईल. अमेरिकेत ओरेगन इथे गेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरी बसून, कोण काय बोललं आणि त्यावर कोणी काय केलं याच्या बारीक नोंदी करून ही साखळी दाखवून दिली. तिच्यात कुणीच दुष्ट नसतं. दोघंही त्या क्षणी सगळ्यात सोपा मार्ग घेत असतात.

आता मुलाला एकट्याला आठवड्यातून तासभर समुपदेशकाकडे बसवलं, तर तो तिथे शहाण्यासारखं बोलेल आणि घरी येऊन त्याच साखळीत उभा राहील. साल्व्हादोर मिनुचिन हे मानसोपचारतज्ज्ञ १९६० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या विल्टविक या मुलांच्या निवासी शाळेत काम करत होते. मुलं तिथे सावरायची आणि घरी परतली की ये रे माझ्या मागल्या. म्हणून त्यांनी कुटुंबांनाच समोर बसवायला सुरुवात केली. फॅमिली थेरपीचा एक मोठा प्रवाह तिथून निघाला.

टाळी एका हाताने वाजत नाही, हे शेजाऱ्यांच्या भांडणाबद्दल आपण चटकन म्हणतो. स्वतःच्या घरात मात्र आपल्याला एकच हात दिसतो. तरीही ‘सगळे या’ याचा अर्थ ‘चूक तुमची’ असा काढू नका. त्रास कशामुळे सुरू झाला आणि आज तो कशामुळे चालू राहतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुरुवात मुलाच्या स्वभावातून झाली असेल, शाळेतल्या छळातून, शिकण्यातल्या अडचणीतून, घरातल्या एखाद्या मृत्यूतून. थेरपी मुख्यतः दुसऱ्या प्रश्नावर काम करते, कारण हात घालता येतो तो तिथेच.

वेळ घेण्याआधी

मुलगा जीव देण्याचं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, घरात कुणाला मारहाण होत असेल, हत्यार हातात येत असेल, तर आधी डॉक्टर आणि सुरक्षितता. एकत्र बसणं नंतर. घरातलं कुणी मुलाशी लैंगिक किंवा शारीरिक अत्याचार करत असेल तर त्या माणसासोबत मुलाला एका खोलीत बसवून ‘संवाद’ घडवायचा नसतो. ही फॅमिली थेरपीची पहिलीच मर्यादा आहे, आणि चांगला थेरपिस्ट ती तुम्ही न विचारताही सांगतो. म्हणून तो सुरुवातीला प्रत्येकाशी थोडा वेळ एकट्याने बोलतो.

स्वभाव थोड्याच आठवड्यांत एकदम पालटला असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मुलगा एकटाच पुटपुटत असेल, तरी आधी तपासणी. नैराश्य, लक्ष न टिकण्याचा त्रास, नशा या गोष्टी ‘उद्धटपणा’च्या आड सहज लपतात. त्या निघाल्या म्हणजे फॅमिली थेरपी बाद होते असं नाही, त्यांचे उपचार तिच्या जोडीने चालतात.

आणि हे नुसतं वय असेल तर? वाद घालणं, खोलीचं दार लावून बसणं, मित्रांचं जास्त ऐकणं हे या वयाचं कामच आहे. मानसोपचारात सतत विरोध करण्याच्या विकाराचं निदान करताना ठरावीक ८ लक्षणांपैकी किमान ४ लक्षणं किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात. आठवडाभराच्या आदळआपटीवर कुणी शिक्का मारत नाही. पण निदान होवो न होवो, घरातल्या सगळ्यांची प्रत्येक संध्याकाळ एकाच माणसाच्या मूडभोवती फिरत असेल, तर मदत मागायला तेवढं कारण पुरे.

कुणाकडे जायचं

‘समुपदेशक’ ही पाटी फार मोठी असते आणि तिच्याखाली नाना प्रकारची माणसं बसतात. म्हणून फोनवरच विचारा: तुम्ही कुटुंबांना एकत्र बसवून काम करता का? त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? तुमच्या कामावर कुणी वरिष्ठ नजर ठेवतं का? साधारण किती सेशन लागतील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलगा एकट्यात जे सांगेल त्यातलं आम्हाला काय सांगणार आणि काय नाही? शेवटच्या प्रश्नाला “सगळं सांगू” असं उत्तर आलं, तर दुसरा थेरपिस्ट बघा. जिवाला धोका असेल तर सांगणार, बाकीचं त्याच्या परवानगीने, असं काहीसं उत्तर यायला हवं.

काही पद्धतींची नावं कानावर पडतील. फंक्शनल फॅमिली थेरपी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युटा विद्यापीठात जेम्स अलेक्झांडर आणि ब्रूस पार्सन्स यांनी उभी केली. ती साधारण १२ ते १४ सेशनची, तीनेक ते पाचेक महिने चालणारी. ब्रीफ स्ट्रॅटेजिक फॅमिली थेरपी मायामीत होजे शापोचनिक यांच्या गटाने क्यूबातून आलेल्या कुटुंबांसोबत काम करताना घडवली. ती साधारण १२ ते १६ सेशनची. मल्टिसिस्टमिक थेरपी स्कॉट हेंगेलर यांची आणि सगळ्यात कसून चालणारी. तिच्यात थेरपिस्ट स्वतः घरी येतो, एका वेळी चार ते सहाच कुटुंबं घेतो, अडीअडचणीला त्याची टीम २४ तास फोनवर असते, आणि शाळा, मित्र, शेजार हे सगळं कामात धरलं जातं. नशेचा प्रश्न असेल तर हॉवर्ड लिडल यांची मल्टिडायमेन्शनल फॅमिली थेरपीही आहे.

नावाला मात्र भुलू नका. मल्टिसिस्टमिक थेरपीचे अमेरिकेतले सुरुवातीचे निकाल फार चांगले होते. इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ मध्ये आले, आणि दीड वर्षानंतर ही थेरपी तिथल्या नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरली नाही. नेहमीची सेवा मुळात बरी असेल तर महागड्या नावाचा फायदा कमी दिसतो, असं मी यातून समजतो. तुमच्या आवाक्यात यातली एकही पद्धत नसेल, तरी कुटुंबासोबत बसायला शिकलेला, साखळी ओळखणारा थेरपिस्ट मिळाला तर सुरुवात करायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. ‘बिघडलेल्या’ मुलांना एकत्र करून शिस्त लावणारी शिबिरं, तुरुंग दाखवून घाबरवणारे कार्यक्रम, यांच्या नादी लागू नका. तुरुंगाची भीती घालणाऱ्या कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की काहीच न करण्यापेक्षा ते वाईट. त्यातून गेलेली मुलं पुढे गुन्ह्यांत जास्त सापडली. थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अशा मुलांचे गट एकत्र बसवले, तर त्यांचं वागणं कधीकधी उलट चिघळतं. कारण उघड आहे. तिथे टाळ्या मिळतात त्या सगळ्यात बेधडक किस्सा सांगणाऱ्याला.

“मी येणार नाही”

हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. पुष्कळ घरं इथेच थांबतात आणि ‘तो तयारच नाही’ म्हणून वर्ष घालवतात.

शापोचनिक यांच्या गटाने या अडचणीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. मुलाला थेरपीला आणता न येणं हाही त्याच साखळीचा एक नमुना, असं त्यांनी धरलं. जो मुलगा अभ्यासाला बसत नाही तो ज्या रीतीने टाळतो, त्याच रीतीने थेरपीला टाळेल, आणि आईवडीलही त्याच रीतीने हरतील. म्हणून पहिल्या फोनपासूनच थेरपिस्ट कामाला लागायचा. घरात कुणाचं चालतं, कोण कुणाच्या आड लपतं, कुणाशी आधी बोलायचं. १९८८ च्या त्यांच्या अभ्यासात असं काम केलेल्या कुटुंबांपैकी ९३ टक्के थेरपीला आली. नेहमीच्या पद्धतीने बोलावलेल्यांपैकी ४२ टक्के. तेव्हा मुलगा येत नाही ही अडचण लपवू नका, थेरपिस्टला पहिल्याच फोनवर सांगा.

घरी बोलताना भांडणाची वेळ टाळा, आणि लांबलचक बोलू नका. असं काहीतरी: “रोज संध्याकाळी आपल्यात जे होतं त्याचा मला कंटाळा आलाय. त्यात माझंही काहीतरी चुकतंय. एका माणसाकडे आपण सगळे जाणार आहोत. तुला सुधारायला नेत नाहीये. तुला माझ्याबद्दल जे म्हणायचंय ते तिथे म्हण.” एवढं बोलून थांबा. ‘डॉक्टर’, ‘उपचार’ हे शब्द नको, लालूचही नको. मित्राकडे जाऊ असं सांगून क्लिनिकला नेणं तर अजिबात नको. पहिल्याच दिवशी खोटं बोललात तर पुढे विश्वास कशाच्या जोरावर मागणार?

तरीही आला नाही, तर तुम्ही जा. साखळीतली एक कडी जरी वेगळी वागू लागली तरी बाकीच्यांना जुनं गाणं तसंच म्हणता येत नाही. एक सांगून ठेवतो: पुष्कळदा मुलगा यायला तयार होतो आणि अडतं ते मोठ्या माणसापाशी. “मला ऑफिस आहे, तुम्ही दोघं जाऊन या.” या माणसालाही साधं सांगावं लागतं की तुझ्या गैरहजेरीत आम्ही तुझ्याबद्दलच बोलणार आहोत. हा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो.

आठवडाभराची वही

पहिल्या भेटीआधी सात दिवस नोंदी ठेवा. रोज एकच प्रसंग, पाच ओळी. आधी काय चाललं होतं, कोण काय बोललं, त्यावर कोणी काय केलं, घरातली बाकीची माणसं त्या वेळी काय करत होती, आणि ते संपलं कसं.

विशेषणं लिहायची नाहीत, हा एकच नियम. “आज पुन्हा उद्धटपणा केला, आम्हाला किंमतच देत नाही” ही नोंद थेरपिस्टच्या काही कामाची नाही. “साडेआठला मी म्हणाले, क्लासला का नाही गेलास. तो म्हणाला, गेलो होतो. मी म्हणाले, खोटं बोलू नकोस. बाबा टीव्हीचा आवाज वाढवून बसले. तो म्हणाला, तुला सगळं माहीतच असतं, आणि चपला घालून निघून गेला. साडेदहाला आला. मी ताट वाढलं, कुणी काही बोललं नाही” ही नोंद सोन्यासारखी आहे. टीव्हीचा आवाज वाढवणारे बाबा तिच्यात सापडतात, आणि मुकाट्याने वाढलेलं ताटही.

ज्या दिवशी भांडण झालं नाही त्याचीही नोंद करा. त्या दिवशी काय वेगळं होतं हे थेरपिस्ट नक्की विचारतो. बहुतेकांना ते सांगता येत नाही, कारण बऱ्या दिवसाकडे आपण बघतच नाही.

पहिली भेट

कोण कुणाशेजारी बसतं हे थेरपिस्ट बघत असतो, पण त्याची धास्ती घेऊ नका. तो प्रत्येकाशी थोडं थोडं बोलेल. घरातल्या माणसांचा एक नकाशा कागदावर काढेल: आजी-आजोबा, वेगळी राहणारी माणसं, गेलेली माणसं, कुणाचं कुणाशी पटतं. तुम्ही तक्रारींची यादी काढाल, तेव्हा तो मधेच थांबवेल. याचा राग येतो. “आम्ही वेळ काढून आलो आणि हा आमचं ऐकतही नाही, उलट पोराला विचारतो की तुला काय वाटतं!” पण ती यादी मुलाने शंभर वेळा ऐकलीय. ती शंभर-एकाव्यांदा परक्यासमोर वाचली, की तो मनाने खोलीबाहेर जातो, आणि थेरपिस्टला तो खोलीत हवा असतो.

दोन गोष्टी विचित्र वाटतील. एक म्हणजे, तो तुम्हाला आपापसात बोलायला लावेल. “हे मला सांगू नका, त्याच्याकडे वळून त्याला सांगा.” तुम्ही वळता, बोलता, आणि दोन मिनिटांत घरचीच साखळी तिथे सुरू होते. ती व्हावी म्हणूनच त्याने सांगितलेलं असतं. आता तो तिला मधे थांबवू शकतो: “इथे थांबा. आत्ता तो जे म्हणाला ते तुम्हाला काय ऐकू आलं?”

दुसरी म्हणजे, तो त्याच गोष्टीला वेगळा अर्थ देऊन बघेल. आई म्हणते, “मी सतत मागे लागते कारण हा वाया जाईल.” मुलगा म्हणतो, “हिचा माझ्यावर विश्वास नाही.” थेरपिस्ट म्हणेल, “म्हणजे यांना भीती वाटते, आणि ती तुझ्यापर्यंत पोचते तेव्हा अपमान होऊन पोचते.” यात गुळमुळीत गोड बोलणं नाही. मुलाचं वागणं चालेल असं तो म्हणत नाही. रागाखाली दबलेली भीती किंवा दुखावलेपण वर आलं की पुढचं वाक्य वेगळं निघण्याची शक्यता वाढते, एवढंच.

पहिल्या भेटीनंतर घरी जाताना वाटेत चर्चा करू नका. “बघ, ते पण तेच म्हणाले ना!” या एका वाक्यावर तासाभराची मेहनत वाया जाते.

मधले आठवडे

खरं काम इथे असतं आणि ते बरंचसं घरी करायचं असतं.

आधी मोठ्यांची एकजूट. एक कडक, एक मवाळ अशी जोडी पुष्कळ घरांत असते. कडक असलेला म्हणतो, “तू पाठीशी घालतेस म्हणून मला कडक व्हावं लागतं.” मवाळ असलेली म्हणते, “तुम्ही तोडून टाकता म्हणून मला सांभाळून घ्यावं लागतं.” दोघंही खरं बोलतात आणि दोघंही एकमेकांना आणखी टोकाला ढकलतात. मुलगा मधल्या फटीतून निघून जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, फट दिसली तर कुणीही जाईल. थेरपिस्ट इथे मुलाला बाहेर बसवून फक्त तुम्हा दोघांशी बोलेल. नियम मऊ असो वा कडक, दोघांचा एकच असावा. घरात आजी-आजोबा असतील तर तो त्यांनाही आधी कळलेला असावा, भांडणाच्या वेळी नव्हे.

मग नियम. तीनपेक्षा जास्त नकोत. ‘नीट वागायचं’ हा नियम नाही. ‘शाळेच्या दिवशी रात्री साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला’ हा नियम आहे. मुलाला त्यात घासाघीस करू द्या. त्याने अकरा म्हटलं आणि तुम्ही पावणेअकराला आलात, तर नियम त्याचाही झाला. मोडला तर काय, हे त्याच वेळी ठरवा आणि लहान ठेवा. दुसऱ्या दिवशी फोन अर्धा तास आधी, बस्स. महिनाभर फोन बंद ही शिक्षा रागात सुचते आणि तिसऱ्या दिवशी आपणच ती मोडतो. मग मुलाच्या लेखी आपल्या शब्दाची किंमत आणखी उतरते.

भांडण चढत असताना काही शिकवता येत नाही. त्या वेळी एकच वाक्य, “यावर आपण उद्या सकाळी बोलू,” आणि खोलीबाहेर. सकाळी मात्र खरंच बोलायचं. हे ‘उद्या’ विसरलं तर ती माघारच ठरते, पुन्हा पहिल्या संध्याकाळसारखी.

कौतुक करायला सांगतील तेव्हा अवघड जाईल. “आज वेळेवर आलास, बरं वाटलं.” इथे पूर्णविराम द्यायचा. आपल्याला शेपूट जोडायची सवय असते: “...रोज असा आलास तर किती बरं होईल.” शेपूट जोडलं की कौतुकाचा टोमणा होतो.

तो कुठे आहे, कुणासोबत, कधी येणार, एवढं माहीत असणं हे या वयातलं पालकांचं मोठं काम. ते चौकशी करून जेवढं कळतं त्याहून अधिक मुलाने आपण होऊन सांगितल्याने कळतं. आणि तो सांगतो कधी? मागच्या वेळी सांगितल्यावर व्याख्यान ऐकावं लागलं नसेल तेव्हा.

बिघडतंय असं वाटलं तर

नवा नियम लागल्यावर काही दिवस आदळआपट वाढते. आजवर तीन वेळा ओरडून काम व्हायचं, आता होत नाही, तर तो सहा वेळा ओरडून बघणारच. नेमकं तेव्हाच घर म्हणतं, “थेरपीने उलट बिघडलं.” याच दिवसांत दोघांपैकी एकाने हात टेकले, तर मुलगा शिकतो की सहा वेळा ओरडावं लागतं. पण मारामारी किंवा स्वतःला इजा सुरू झाली, तर ही नेहमीची आदळआपट नव्हे. त्याच दिवशी थेरपिस्टला कळवा.

पाचव्या-सहाव्या भेटीपर्यंत काहीच हललं नसेल तर स्पष्ट विचारा. वही पुन्हा उघडा आणि मोजा. पहिल्या आठवड्यात किती भांडणं, आता किती? किती वेळ चाललं, कितव्या वाक्याला आवाज चढला? मनावर विसंबू नका. कालचं मोठं भांडण मागचे सहा बरे दिवस पुसून टाकतं. आकडे खरोखरच तसेच असतील, तर थेरपिस्टने काहीतरी बदलायला हवं, नाहीतर तुम्ही थेरपिस्ट बदलायला हवा. थेरपिस्ट सतत मुलाची किंवा सतत तुमचीच बाजू घेतोय असं वाटलं तर तेही तोंडावर बोला. त्याने ते कसं घेतलं यावरून माणूस कळतो.

थांबताना

शेवटच्या भेटी लांब लांब अंतराने ठेवायला सांगा, पंधरवड्याने, मग महिन्याने. या काळात घरात जे जमलं ते शाळेत, नातेवाइकांत, सुट्टीत टिकतं का ते बघायचं असतं. शाळेशी बोलायचं असेल तर थेरपिस्टला बरोबर घ्या, आणि काय सांगायचं ते आधी मुलाला विचारून ठरवा.

आईवडील वेगळे राहत असतील तर दोन्ही घरांत निदान एक नियम सारखा करून घ्या. तीन सारखे करण्याचा अट्टहास नको. त्यावरून जुनं भांडण उकरून निघतं.

जुनं वागणं परत येईलच. परीक्षेच्या आधी, आजारपणात, घर बदलताना. त्या वेळी काय करायचं हे सगळ्यांनी मिळून एका कागदावर लिहून ठेवा, मुलाच्या अक्षरात असेल तर उत्तम. आवाज चढला की कोण थांबवणार, कोणता शब्द म्हटला की सगळ्यांनी गप्प व्हायचं, आणि पंधरा दिवसांत किती वेळा झालं की फोन करून पुन्हा वेळ घ्यायची.